धाग्याचं जवस

वडूज, ९ ऑक्टोबर १९७४
पलटणीतल्या जोतीरामने कलकत्त्याहून बियाण्याची पिशवी आणि इंग्रजी पुस्तिका पाठवली. धाग्याचं जवस. याच्या काडीतून लिनन निघतं. साहेबलोकांचे टेबलक्लॉथ. अख्ख्या खटाव तालुक्यात कुणाकडे नाही. ठराव : कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.
विजयमालेला त्या वीस गुंठ्यांत शाळू हवा होता, वर्षाच्या भाकरीसाठी. सरकारी ट्रायल आहे असं तिला सांगितलं. तिने पिशवीत हात घातला आणि एवढं जवस कशाला, असं विचारलं. बायकोला आतली बातमी कोण देतं? डायरी आजपासून ट्रंकेत, कुलपात.

१६ ऑक्टोबर
पुस्तिका म्हणते, माती रव्यासारखी हवी आणि तण अजिबात नको. चार वेळा कुळव फिरवला. बी दाट टाकलं. शेजारचा मेंढरंवाला बिराप्पा बांधावर उभा राहून बघत होता. पेरणीआधी दोन दिवस मेंढरं बसवतो, खताला बरं, असं म्हणाला होता. तेही फुकट. फुकट कोण देतं? तेव्हाच नकार दिला ते बरं झालं.

२१ डिसेंबर
निळी फुलं आली. एस.टी.तून लोक वाकून बघतात. दुपारी रस्त्याच्या बाजूला जुनी धोतरं बांधली. आता आधी न बघणारेही बघतात.

५ फेब्रुवारी १९७५
काडी खालून पिवळी पडली. आता मुळासकट उपटायचं. कापलं तर धागा आखूड होतो. बनुबाई चार बाया घेऊन आली, सगळ्यांकडे विळे. विळे काढून घेतले, कारण सांगितलं नाही. बनुबाईने दोनदा विचारलं. दोनदा विचारणारा माणूस साधा नसतो. दुपारी सगळ्यांना घरी पाठवलं. एकटा उपटेन. फौजेत खंदक खणलेत.

६ फेब्रुवारी
कंबर.

१३ फेब्रुवारी
वीसपैकी सात गुंठे झाले. बाकीचं वाळलं, बोंडं तडकायला लागली. हरकत नाही, पहिल्या वर्षी क्वालिटी बघायची. पेंढ्या ओढ्याच्या डोहात बुडवल्या, वर दगड ठेवले. पाण्यात कुजून धागा सुटतो, पाच ते दहा दिवसांत. रोज बघावं असं पुस्तिकेत आहे. पण रोज गेलो तर लोकांना जागा कळेल. दहा दिवस तिकडे फिरकायचं नाही. डिसिप्लिन.

१८ फेब्रुवारी
बिराप्पा दारात. डोहात काय पडलंय, मेंढरं पाण्याला तोंड लावत नाहीत, असं विचारत होता. किती सफाईने विषय काढला. मला काही माहीत नाही, म्हणालो. विजयमालेने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.
तो आता मेंढरं येरळा नदीवर नेतो. जाऊन-येऊन आठ मैल. हे सगळं मला दाखवायला.

२३ फेब्रुवारी
डोहावर गेलो. वासाने अर्ध्या वाटेतच थांबलो. मग नाकाला फडकं बांधून पेंढी उचलली, तर हातातून गाळासारखी सुटली. धागा नाही. पाण्यात कुणीतरी औषध टाकलं असणार. बिराप्पाच.

२४ फेब्रुवारी
हे विजयमालेला सांगितलं. तिने रिकामं पोतं घेतलं आणि विट्याला भावाकडे शाळू आणायला निघाली. एस.टी.त चढताना म्हणाली, "बिराप्पाभावजींस्नी खरं सांगितल्याबिगर मला न्यायला येऊ नका."

२५ फेब्रुवारी
स्वयंपाक येतो मला. फौजेत शिकलोय.
भात लागला.

२६ फेब्रुवारी
सांगितलं. बिराप्पा खोरं घेऊन डोहात उतरला. मीही उतरलो. दिवसभर दोघांनी घाण उपसली. संध्याकाळी हात धुताना तो म्हणाला, "तिसऱ्या दिसापास्नं रोज काडी मोडून बघायची असती, सुभेदार. आमी दोराला अंबाडी तशीच भिजवतो."
हे त्याला कुणी सांगितलं, असं मी लगेच विचारलं.
"आईनं," तो म्हणाला.
आई बयाबाई. वारली त्याला दहा वर्षं झाली. बराच वेळ विचार केला. संशय घ्यायला कुठे जागा सापडली नाही.