दुकान धाकटीला, ताणलेल्या स्प्रिंगा कोणालाच नाहीत

मी, खाली सही करणार, धंद्याने बंदुका-पिस्तुले दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर. माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती नाही असे थोरला मुलगा चारचौघांत सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आहे तो हे न लिहिण्याचा.

१. राहते घर थोरला आणि धाकटी लेक यांना निम्मे-निम्मे. पण त्यांची आई हयात आहे तोवर तिला कोणी 'सरक' म्हणू नये.

२. दुकान, लेथ, शेगडा आणि सगळी अवजारे धाकटीला. परवाना वारशाने मिळत नाही. तो तिने स्वतःच्या नावावर काढला आहे.

थोरल्याला का नाही, ते सांगतो. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग मागे जातो आणि स्प्रिंग त्याला पुढे आणते. स्प्रिंग थकली की दणका वाढतो, रिकामी पुंगळी लांब उडते, वरचा भाग पुरता मिटत नाही. नव्या स्प्रिंगेशेजारी आखूड दिसली की बदलायची. एका सराफाचा पहारेकरी हीच तक्रार घेऊन आला, तेव्हा थोरल्याने जुनीच ताणून घातली आणि नवी म्हणून सांगितले. पुढे पेढीवर दरोडा पडला. पहिली गोळी सुटली, मग पिस्तूल अर्धवट उघडे राहिले. पहारेकरी वाचला, हात गेला. चौकशीत मी पिस्तूल उघडून खरे ते सांगितले. थोरल्याचा परवाना गेला आणि आमचे बोलणे संपले.

गेल्या आठवड्यात त्याने दुकानाला स्वतःचे कुलूप घातले. धाकटीने ते कापले. त्यावर त्याचा निरोप आला: "तुम्ही डोळे मिटलेत की तिला रस्त्यावर आणतो."

३. काढलेल्या स्प्रिंगा कापूनच टाकाव्यात. अख्खी दिसली की माणसाचा हात शिवशिवतो.

४. माझा नातू, थोरल्याचा मुलगा, नुकताच रोकड नेणाऱ्या गाडीवर पहाऱ्याला लागला. काल थोरला त्याला घेऊन दुकानात आला. धाकटीने हातोडी जवळ ओढली. मी खुर्चीतून उठलो. थोरल्याने मुलाचे पिस्तूल रिकामे करून तिच्यापुढे ठेवले.

"स्प्रिंग बदल. नवी, माझ्यासमोर."

तिने नव्या स्प्रिंगेचे पाकीट त्याच्या डोळ्यांदेखत फोडले. तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता गेला.

या मृत्युपत्राला त्याने हरकत घ्यायची तर खुशाल घ्यावी. दुकान कोणाच्या हाती द्यावे, हे मी आज लिहितो आहे. त्याने ते कालच ठरवले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: १२ नोव्हेंबर, बुधवार.
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार, एकमेकांदेखत आणि माझ्यादेखत: दाखला देणारे डॉक्टर (सही), शेजारचे शिंपी (सही)