वीतभर पिवळं साटीन

प्रिय नाना,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. कधी गरज पडली? मनात आलं की धुळ्याहून एसटीत बसायचास आणि जेवायच्या वेळेला जळगावात माझ्या दारात हजर! पण आज तुझ्या पळण्याच्या क्लबचे सर येऊन गेले. आता तुझ्याशिवाय विचारू तरी कुणाला?

रविवारची मॅरेथॉन होणार आहे. तुझ्या जागी पारोळ्याचा रमेश पळणार. विक्रम तोच मोडायचा, केळ्याच्या वेषात सगळ्यात कमी वेळात बेचाळीस किलोमीटर. सर म्हणाले, "ताई, ड्रेस तुमच्याकडे तयारच आहे. रमेश जरा बुटका आहे, तेवढा वीतभर कापून द्या." वीतभर! एवढं सांगून, चहा पिऊन गेले. तेव्हापासून मी कात्री घेऊन बसलेय.

वेष ठरवताना किती डोकं खाल्लंस माझं! आधी म्हणे पोळ्याचा बैल. शिंगं बांधून अंगणात चक्कर मारलीस आणि माझ्या वाळत घातलेल्या साडीत अडकलास. मग म्हणालास, मुराळी होतो. धोतर, फेटा, हातात खाऊचा डबा, आखाजीच्या सणाला बहिणीला माहेरी न्यायला निघालेला भाऊ. मला तोच आवडला होता रे! पण सर म्हणाले, हे सोंग कसलं, हे तर कपडे झाले.

शेवटी जळगावचं म्हणून केळं. पिवळं साटीन, आत गादीवाल्याकडचा फोम. पहिल्यांदा घातलंस तर हात आतच अडकले. "सिंधू, हात बांधीसन कोनी पळस का?" म्हणून ओरडलास. मी हसून हसून खाली बसले. मग काखेत उसवून हात मोकळे करून दिले, तर लगेच गल्लीतून पळत सुटलास आणि तुझ्यामागे सगळी कुत्री.

पावसाळ्यात तुला कावीळ झाली. मी भेटायला आले तर डोळे हळदीसारखे, आणि तुला विनोद सुचत होता. "ड्रेस घालाना आगोदरच पिवळा व्हई गऊ मी!" हे काय बोलणं झालं, नाना?

डोक्यावर ती औषधी काड्यांची माळ. ती रोज लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खाली, आणि पायापर्यंत आली की कावीळ उतरली, असं आपल्याकडे सगळेच मानतात. आई रोज माळ बघायची. वहिनी बघायची. मीही बघायचे. दवाखान्यात चल म्हटलं की तू माळच पुढे करायचास. "देख, उतरी ऱ्हायनी ना!" आणि खरंच उतरत होती रे. पोटापर्यंत आली तेव्हा आम्ही देवापुढे साखर ठेवली. मग तू बरळायला लागलास. दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले. माळ तुझ्या गुडघ्यापर्यंत पोचली होती.

पळायला निघताना बुटाची नाडी चारदा तपासणारा तू! स्वतःच्या जिवासाठी एकदा डॉक्टरला दाखवायला काय झालं होतं?

आता हा ड्रेस. खडूने खूण केली, पुसली, पुन्हा केली. कापला तर तुझ्या मापाचं घरात काही उरणार नाही. नाही कापला तर रमेशचे पाय अडकतील आणि तो तोंडावर पडेल. काय करू, सांग ना!

येत्या आखाजीला आई चुलतभावाला पाठवणार म्हणते. येईल तो, माणूस वाईट नाही. पण रस्त्याने चालताना तुझ्यासारखी न सांगता माझ्या हातातली पिशवी घेणार नाही.

उद्या सकाळी कापते, नाना. वचन देते. शिवण दुहेरी घालते, काखेत सैल ठेवते, रमेशचे हात अडकू देणार नाही. आणि रविवारी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहते. लांबून कुणाचं तोंड थोडंच दिसतं, नुसतं पिवळं दिसतं. आखाजी नसली तरी मी पिशवी भरूनच उभी राहीन.

तुझी वाट बघणारी,
सिंधू