ताई, तुमचा हात वेळेवर होता

प्रिय ताई,

काल दुपारी एक गोष्ट कळली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. तुमच्या हाताला काहीही झालं नव्हतं. काहीही! माकड नदीत पडत होतं ते टीव्हीमुळे.

मी पत्रं लिहिणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बोलणारीही नाही. एका घरच्या दोन सुना आपण, पण तुम्ही शंभर वाक्यं बोलायच्या तेव्हा माझं एक व्हायचं. "सुनंदे, तोंडात काय मूग भिजू घातले का वं?" असं विचारायच्या. लग्न होऊन आले त्या दिवशी मी तुम्हाला 'जाऊबाई' म्हटलं, तर केवढ्या मोठ्यानं म्हणालात, "जाऊबाई म्हणशीन त मी म्हातारी वाटीन. ताई म्हण!" तेव्हापासून ताई.

तो टीव्ही गेम आठवतो ना कसा आला? तुमची रश्मी चौथीत होती. तिच्या बाबांनी, माझ्या भासऱ्यांनी, तिच्यासाठी नागपूरहून आणला. दोन महिन्यांत मुलांचं मन भरलं. आपलं काही भरलं नाही! मुलं शाळेत, पुरुष सिंदीच्या बाजारात दुकानावर, सासूबाई पुढच्या खोलीत झोपलेल्या, आणि आपण दोघी आवाज बंद करून माकड उडवत बसायचो. कॅसेट चालली नाही की तुम्ही तिच्यात फुंकर मारायच्या, चुलीत मारतात तशी.

खेळ तरी काय! नदीतून ओंडके वाहत येतात, माकडानं एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची आणि पलीकडे केळी गोळा करायची. पण त्यावर तुम्ही नियम बसवला. जी हरेल तिनं संध्याकाळच्या पोळ्या लाटायच्या. अकरा माणसांच्या! पंचवीस वर्षांत मी किती पोळ्या लाटल्या असतील? तुम्ही ओंडक्याकडे पाहायच्यासुद्धा नाही. तोंडानं शेजारणीची गोष्ट चालू, आणि अंगठा आपोआप बरोबर क्षणी बटणावर. मी मात्र प्रत्येक उडीला श्वास धरून बसायची.

सासूबाईंनी एकदा पकडलं होतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुना आणल्या होत्या का माकडवाल्या?" आणि मग दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनीच हळूच विचारलं, "काल पोचलं का वं थे माकड?" तुम्हाला असा ठसका लागला की भासरे पाणी घेऊन धावले.

मग मागच्या वर्षी जुना डब्बा टीव्ही गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे पार्ट आता मिळत नाहीत. भिंतभर नवा टीव्ही आला. त्याला आपल्या गेमची पिवळी पिन लावायला भोकच नव्हतं! तुम्ही स्कूटी काढली, मला मागे बसवलं, आपण सेलूला गेलो. तिथे नाही मिळालं म्हणून रश्मीला फोन करून नागपूरहून जोडायची डबी मागवली. भाजी आणायला निघाल्यासारखं तुम्ही हे सगळं करत होता. मला तर दुकानदाराला 'माकडाच्या गेमसाठी पाहिजे' असं सांगायचीच लाज वाटत होती.

लावल्यावर माकड आडवं पसरलेलं दिसलं. तुम्ही म्हणालात, "याले कोणाच्या लग्नात जेवाले नेलतं वं?" आणि ज्याला आपण इतकी वर्षं केळ्याचा घड समजत होतो, तो एवढ्या मोठ्या, स्वच्छ पडद्यावर नुसते पिवळे चौकोन निघाले. "हे केळं हाय का ढोकळा?" त्या दिवशी आपण खेळलो कमी आणि हसलो जास्त.

पण ताई, दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हरायला लागलात.

बटण दाबायच्या आणि माकड ओंडका निघून गेल्यावर उडायचं. धप्प! पुन्हा धप्प! पहिले काही दिवस तुम्ही माकडाला शिव्या दिल्या. मग डबीला दिल्या. मग एक दिवस अंगठ्याकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "माहा हात उशिरा चालून राह्यला बाई."

मी काही बोलले नाही.

हे आता नीट सांगते. दुसऱ्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं होतं की नव्या टीव्हीवर बटण जरा आधी दाबावं लागतं. का, ते कळत नव्हतं. मी तशीही घाबरत, मोजूनमापून खेळणारी, मला ती सवय लवकर लागली. आणि मी जिंकू लागले. आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळी मी पाय पसरून बसले होते आणि पोळपाटावर तुम्ही होता! काय बरं वाटायचं! तेव्हा तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, 'ताई, थोडं आधी दाबून पाहा.' चार-पाच शब्द. नाही म्हटले. मला वाटलं, पंचवीस वर्षांनी माझी पाळी आली आहे, थोडे दिवस राहू दे.

तुम्ही ते एवढं मनाला लावून घ्याल हे मला कुठे ठाऊक होतं? आधी सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागलात. मग एक दिवस स्कूटीची किल्ली खिळ्याला अडकवून टाकली. मी विचारलं तर म्हणालात, "ब्रेक उशिरा लागला त? मागं तू बसते. तुह्या लेकरांले काय सांगू?" जामपासून सेलूपर्यंत एकटी गाडी हाकणारी बाई, आणि एका माकडापायी गाडी सोडली! माझ्यावर रागवायला काय झालं होतं? 'सुनंदे, तू कशी जिंकते?' असं एकदा जरी विचारलं असतं, तरी मी सांगून टाकलं असतं. बहुतेक.

वैशाखात तुम्ही गेलात. हृदयाचं होतं, डॉक्टरांनी तसंच सांगितलं. पण घरात सगळ्यांच्या मनात राहिला तो तुमचा हात.

काल रश्मी आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, "काकू, आईचा गेम लावा न." लावला. पहिल्याच ओंडक्याला तिचं माकड बुडालं. दुसऱ्यांदा बुडालं. तिनं भुवया वर केल्या. "हे काय वं काकू? मी दाबते कवा आन् हे उडते कवा!"

"टीव्हीच तसा आहे," मी म्हटलं.

"टीव्ही तसा काऊन असन?" असं म्हणत तिनं रिमोटवरचं प्लॅस्टिक काढलं. हो, तेच प्लॅस्टिक, रबर लावून तुम्ही घट्ट बसवलेलं, ज्यातून कोणतंच बटण धड दिसत नव्हतं. आत जाऊन तिनं यादी उघडली आणि हसायलाच लागली. टीव्हीत चित्र सुंदर करायच्या जेवढ्या म्हणून सोयी असतात, तेवढ्या सगळ्या चालू होत्या. ती म्हणाली, हा टीव्ही प्रत्येक चित्राला आधी पावडर-कुंकू करतो आणि मग बाहेर पाठवतो, त्यातच वेळ जातो. सिनेमात ते कळत नाही, आपल्या जुन्या गेममध्ये लगेच कळतं. "कोणी केलं हे सगळं चालू?"

कोणी केलं, ताई? टीव्ही बसवायला आलेल्या माणसानं विचारलं होतं, काय काय चालू करू. आठवतं तुम्ही काय म्हणालात? "एवढा मोठा आणला त सगळंच चालू करून दे. काहीच झोपलेलं नको ठेवू." आता बोला! आपल्या घरात पाहुण्याला वाढतानासुद्धा तुमचं हेच. एखादी गोष्ट कमी वाढणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

रश्मीनं गेम खेळायची एक सोय असते ती लावली, बाकी सगळं बंद केलं. माकडही बारीक झालं, पूर्वीसारखं. मग मी खेळले. आणि पहिल्या ओंडक्याआधीच पाण्यात! पुन्हा पाण्यात! "काकू, तुमच्या माकडाले कायची घाई झाली?" रश्मी हसत होती. मी मात्र हातातलं खाली ठेवलं. मी वर्षभर आधी दाबत आले होते. तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर क्षणी दाबत होता.

रश्मीला सगळं सांगितलं. मी जिंकायची ते, आणि गप्प राहिले तेही. तिचे डोळे भरले, आणि मग एकदम म्हणाली, "म्हणजे आई हरलीच नव्हती? मंग त्या पोळ्या तुमच्यावर निघतात न काकू!" अगदी तुमचीच पोरगी. काल रात्रीच्या पोळ्या मी लाटल्या. कोणाला हात लावू दिला नाही.

पण एक काम अजून राहिलंय, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. भासरे तुम्ही गेल्यापासून टीव्हीसमोर बसत नाहीत. कोणी भेटायला आलं की तेच सांगतात, "तिचा हात उशिरा चालून राह्यला होता. ती म्हणत होती. मीच लक्ष देल्लं नाई. तवाच नागपूरले नेलं असतं त." हे वाक्य मी दाराआडून कितीतरी वेळा ऐकलं आहे. तुम्हाला माहीत आहे, मी त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलले नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची, आणि काही सांगायचं असेल तर ते तुमच्या तोंडून जायचं. आता तुम्ही नाही. रश्मी म्हणाली, "मी सांगते बाबाले." मी नाही म्हटलं.

ताई, आज ते दुपारी जेवायला घरी येतील तेव्हा मी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसणार आहे. पदर असेल, पण नजर वर असेल. त्यांच्या हातात बटण देऊन टीव्ही दोन्ही प्रकारे लावून दाखवणार आहे, एकदा उशिरा उडणारं आणि एकदा वेळेवर. त्यांच्याकडून काही दुर्लक्ष झालं नाही, तुमचा हात चांगला होता, आणि हे मला आधी सांगता आलं असतं, हे तिन्ही मी माझ्या तोंडानं सांगेन. आवाज कापला तरी थांबणार नाही. तुम्हाला वचन देते.

दुकान दुपारचं बंद व्हायची वेळ झाली आहे. भाजीला फोडणी घालते.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा