कोपऱ्यातली खूण

ता. ३, सोमवार
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
तुझी गोधडी प्रदर्शनातून बाजूला काढली आहे. परीक्षक बाईंनी आज कचेरीत माझ्यासमोर सांगितलं, म्हणजे ऐकीव नव्हे, पक्कं. त्यांनी तुझी तीन वर्षांमागच्या खेपेची गोधडी आणि ही, अशा दोन्ही शेजारी-शेजारी पसरल्या. कोपऱ्यातली खूण तुझीच, पण शिवणारा हात वेगळा, असं त्यांचं म्हणणं. बाहेरून शिवून आणली आणि वर तुझी खूण घातली, असा संशय आहे. गावाची नोंद एकत्र, म्हणून बाकी अकरा जणींच्या गोधड्याही अडकल्या. मी इथली साधी कारकून, त्यात तुझी भाची. मध्ये बोलले तर संशय वाढायचा. उलट टपाली कळव. वहिनीला नमस्कार.
तुझी, नाक खुपसणारी भाची

ता. ६, गुरुवार
चि. भाचीबाईंस,
अनेक आशीर्वाद.
बाईंना सांग, चाळीस वर्षांत माझ्या खुणेखाली दुसरीचा टाका गेलेला नाही. जिनं शिवली तिचीच खूण, हे तुझ्या आईला मीच शिकवलं. वय झालं की हात बदलतो, त्यांचाही बदलेल. काल शेजारीण दारात येऊन म्हणाली, तुझ्यापायी आम्ही का बुडायचं? तिला वाटेला लावली. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.
मावशी
(वन्सं, सासूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं. माझं विचाराल तर मी काही बोलणार नाही. — वहिनी)

ता. ९, रविवार
ती. मावशीस नमस्कार.
बाईंनी तोडगा काढलाय. गुरुवारी, तेरा तारखेला, त्यांच्यासमोर बसून वीतभर शिवून दाखवायचं. हात जुळला नाही तर बाराही गोधड्या परत, आणि पुढे गावाला दार बंद.
एक विचारते, रागावू नकोस. तुझं पत्र वहिनीच्या अक्षरात का? तू तर शाईचे डाग पाडत स्वतःच लिहायचीस, आणि वर माझ्याच चुका काढायचीस.
काळजीत असलेली, भाची

ता. ११, मंगळवार
चि. पोरी, आशीर्वाद.
अक्षरं ओळीवर नाहीत, कारण ओळ दिसत नाही. दोन वर्षं झाली. आता चष्म्यानं भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरात फक्त सुनेला ठाऊक. ही गोधडी पहिल्या टाक्यापासून तिची आहे. खूण तेवढी मी चाचपून घातली. ती समोर बसली होती. काल विचारलं, राग नाही आला? आला, म्हणाली, पण तुमच्या हातातून सुई काढून कशी घेऊ?

आज अकरा जणींना घरी बोलावून खरं सांगितलं. तिघी उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या.
गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी येतो. शिवेल ती. खोटं मी केलं, ते मीच सांगेन. मग गोधड्या ठेवायच्या की परत करायच्या, ते बाई ठरवतील. तू गाडीपाशी ये. पायऱ्या चढताना मला कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि त्या दिवशी तिच्या हातावर माझं वजन नको.
तुझी मावशी