हार चाकाला घालू नये

२६ सप्टें. १९९९, रविवार. बेल्हे

जूननंतर आज वही उघडली. माफी वहीची मागायची की माझी, ठरत नाही. दोघींची मागते. कारणे: निवडणुकीची ड्यूटी, गणपती, चाचणीचे पेपर. खरे कारण आळस.

आज मंचरहून दीर आले, पोपटभाऊजी. हायवेलगतच्या शेडमध्ये कडबा कुट्टीची यंत्रे बनवतात. पितृपंधरवड्यात नवे यंत्र कुणी घेत नाही, म्हणून सवड. घटस्थापनेपासून विक्री सुरू. प्रत्येक यंत्रासोबत द्यायला एक पानी माहितीपत्रक हवे आहे. "वहिनी, तुमी सायन्सच्या बाई. तुमीच लिवा." नमुना म्हणून बाहेरच्या कुठल्या देशातून आलेल्या मोटरीचे इंग्रजी पुस्तक देऊन गेले.

दुपारभर ते वाचून हसत होते. मोटर पोहण्याच्या तलावात वापरू नये. मोटरीने केस वाळवू नयेत. वापरात नसताना मोटर वापरू नये. शेवटच्या पानावर, मोटरीसोबत सुखी आयुष्य जगा. हे म्हणाले, लग्नात मलाही असे एक पुस्तक मिळायला हवे होते.

३० सप्टें., गुरुवार

चौदा नियम झाले. ज्याने लहानपणापासून कडबा तोडला त्याला कडबा कसा धरावा हे मी सांगायचे, म्हणजे... लाजतच लिहिले. नि. ४ वर मात्र खूश आहे. "फिरणाऱ्या भागांपासून सर्व बाह्य वस्तू दूर ठेवाव्यात." एकही शब्द जास्तीचा नाही. यांना वाचून दाखवला. बदलीच्या ऑर्डरसारखा वाटतो म्हणाले. शास्त्रीय मजकूर असाच असतो, मी म्हटले. रागाने म्हटले का? थोडे.

१० ऑक्टो., रविवार. घटस्थापना

कागद पिवळ्या रंगात छापून आले. पहिले यंत्र आमच्याच आळीत, धोंडिबा आणि हौसाबाईंकडे. त्यांची मेंढरे वडिलांच्या काळातच गेली, आता दोन म्हशी आणि थोडी शेती. संध्याकाळी बघायला गेले. यंत्र गोठ्यात, कागद देव्हाऱ्यात. वर कुंकू.

हौसाबाई चौथी शिकलेल्या. वाचला का, विचारले.

"वाचला की बाई. मग देवापाशी ठिवला. इतकं चांगलं लिवल्यालं गोठ्यात कुठं ठिवायचं?"

सुखावले. घरी पोचेपर्यंत लक्षात आले, गोठ्यातच हवा होता.

१८ ऑक्टो., सोमवार. खंडेनवमी



धोंडिबांनी सकाळी यंत्राची पूजा केली. चाकाला झेंडूचा हार. पूजा झाली की यंत्र थोडे चालवून देवाला दाखवायचे, इकडे सगळेच करतात. बटण दाबले. हार चाकाबरोबर फिरला, तुटला, आत ओढला गेला. हार वाचवायला धोंडिबा वाकले आणि खांद्यावरचा टॉवेल हारामागे गेला. हौसाबाईंनी मेन स्विच खाली ओढला. तेव्हा त्यांचा हात पात्यापासून वीतभर.

मी पोचले तेव्हा सगळी आळी हसत होती. टॉवेलची सुरेख कुट्टी झाली होती. म्हशीने त्यातला झेंडू निवडून खाल्ला, टॉवेल बाजूला ठेवला. सगळ्यांत जास्त धोंडिबाच हसत होते. "मशीन लई भारी हाय बाई. कापडबी कापतंय."

मला हसू येईना. हौसाबाईंना बाजूला घेऊन नि. ४ बद्दल विचारले. त्यांना पाठ होता. घडाघडा म्हणून दाखवला. मग हार का घातला?

"बाह्य वस्तू म्हंजी दगूड, खिळा, तार. हार बाह्य कसा आसंल? घरच्या झेंडूचा व्हता."



१९ ऑक्टो., मंगळवार. दसरा

रात्री ठरवले होते की चूक त्यांची. सकाळी यांच्या स्कूटरला हळदकुंकू वाहिले, हार घातला. हे किक मारणार इतक्यात मी ओरडले. हाराचे टोक पुढच्या चाकापाशी लोंबत होते. घातला मी. बी.एस्सी., नि. ४ ची लेखिका.

बराच वेळ पायरीवर बसून हसले. मग पोपटभाऊजींना फोन केला. पूजेचा नियम घालायचा, तोही पहिला. ते नाही म्हणाले. यंत्राच्या कागदात हळदकुंकू लिहिले तर लोक हसतील, यंत्र घरगुती वाटेल. बाहेरच्या पुस्तकात कुठे आहे असे? नाही, तिकडे पोहण्याचे तलाव आहेत, मी म्हटले. तरी नाहीच.

किती यंत्रे गेली विचारले. अकरा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अकराही घरी पुन्हा हार.

२२ ऑक्टो., शुक्रवार

शाळा सुटल्यावर मंचरला गेले. टॉवेलचे तुकडे पिशवीत घालून नेले. पोपटभाऊजींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग म्हणाले, "लिवा वहिनी."

तिथेच टेबलावर लिहिले.

१. यंत्राची पूजा मेन स्विच बंद करून करावी. हार चाकाला घालू नये, यंत्राच्या पायाला बांधावा. देवाला यंत्र चालवून दाखवायचे असल्यास आधी हार काढावा. देव रागवत नाही.

शेवटचे वाक्य मागाहून खोडले. ते मी कोणत्या आधारावर लिहिले? बाकी चौदा नियमांची मी खात्री देऊ शकते.

२५ ऑक्टो., सोमवार. बाजार

दिवाळीची सुट्टी लागली. बैलबाजारात पोपटभाऊजींनी टेंपोवर यंत्र मांडले होते, बाजूला नवे कागद. खोडलेले वाक्य छापले आहे. विचारले तर म्हणाले, तेवढं एकच माणसासारखं व्हतं.

लोक नि. १ मोठ्याने वाचत होते आणि हसत होते. एकाने वाचायचे, चारजणांनी ऐकायचे. नि. २ पर्यंत कुणी गेले नाही. मी गर्दीत मागे उभी, कान तापलेले. माझ्यावर हसतात की... एका आजोबांनी यंत्र न घेताच कागद मागितला. पोपटभाऊजी म्हणाले, "पावणं, मशीन नाय तर कागद कशाला?"

"ट्रॅक्टर हाय की. त्येलाबी हारच घालतो आमी."

कागदाची घडी करून टोपीत ठेवली त्यांनी. मग मीही हसले.

हौसाबाईंनी जुना कागद परत आणून दिला, कुंकवासकट. नवा गोठ्यात लावलाय म्हणे.

५ नोव्हें., शुक्रवार

दहा घरी नवा कागद पोचला. काही यांनी स्कूटरवरून दिले, काही पोपटभाऊजींनी. प्रत्येक ठिकाणी चहा, प्रत्येक ठिकाणी नि. १ चे जाहीर वाचन. एका घरी आजी म्हणाल्या, देव रागवत न्हाई हे बाईंना कुणी सांगितलं? हे म्हणाले, त्या शाळेत शिकवतात. आजींना पटले. मला अजून नाही.

अकरावे घर राहिले. पोपटभाऊजींच्या वहीत एवढेच: "येडगाव, धरणाखालचे, मिशीवाले." आडनाव नाही. ते म्हणतात, कडबा कापायला लागला की माणूस आपोआप शहाणा होतो, सोडा. यांचेही तेच मत. असेलही तसे. पण परवा लक्ष्मीपूजन. आणि दसऱ्याआधीच्या बाजारात यंत्र नेताना त्याच माणसाने मला विचारले होते, बाई, हार कितीचा लागंल? मी वर पुन्हा चाकाकडे बोट दाखवून सांगितले होते, एवढा पुरेल.

उद्या : येडगाव. मिशीवाले शोधणे.