दुसरा हात

॥ श्रीः ॥
मल्लेश्वरम्, बंगळूर
३ फेब्रुवारी १९८७

चि. संपत यास वकुळाअक्काचे अ. उ. आ.

झटक्यानंतर अप्पांना रसम्-भात गिळता येऊ लागला हे वाचून जीव भांड्यात पडला. मात्र एवढ्याशा पत्रात तू तीनदा लिहिलं आहेस, की असं वाटतं पण खात्री नाही. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून तुला आता रसम् तिखट आहे की नाही हेही ठरवता येत नाही, अशी पुरवणी तुझ्या बायकोनं जोडली आहे. तिला माझी शाबासकी सांग.

आता कामाचं. आचार्यस्वामींना घरी बोलाव आणि अप्पांचा भरन्यास करून घे. सत्तरी उलटली तरी आपला भार देवावर, पेरुमाळांवर टाकायला या माणसाला सवड झाली नाही! आपलं घराणं माकडाच्या पंथाचं आहे रे. पिल्लानं आईला घट्ट धरायचं, मगच आई पैलतीरी नेते. अम्माचं माहेर मांजरीचं, पिल्लानं काहीच करायचं नाही, आईच मानगूट धरून उचलते. डबा वेळेवर झाला नाही, की अप्पा विचारायचे, आज मांजर उचलून आणणार आहे का डबा? अम्मा गेली तिच्या वाटेनं. अप्पांनी न धरताच जावं, हे मला सोसायचं नाही.

या माकडिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का


॥ श्रीः ॥
श्रीरंगम्
९ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास संपतचा सा. न. वि. वि.

अप्पांची उजवी बाजू अजून गेलेलीच आहे आणि वाचाही. समजतं मात्र सगळं. काल शेजारचे वरदन येऊन राजकारणावर तासभर बोलले, तेव्हा अप्पांनी डाव्या हातानं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

भरन्यासाचं. मार्गळी महिन्यात, अप्पा धडधाकट असताना, आम्ही कावेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा मी त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, की तुझ्या अम्मानं कधी मागितलं नाही. मी सुचवलं तर हसली, म्हणाली, मांजरीचं पिल्लू काय अर्ज देतं होय? आता न मागता मिळत असेल, तर मला मागायची गरज नाही. आणि मागितल्याशिवाय मिळतच नसेल, तर ती तिथं नाही. मग मी तिथं जाऊन करू काय?

आता त्यांना बोलता येत नाही म्हणून स्वामींनी त्यांच्या वतीनं शब्द उच्चारायचे, तर शरण गेलं कोण? आणि पिल्लानं धरलं, तरी धरायची बुद्धी त्याला कोणी दिली? मला कळत नाही. म्हणून मी स्वामींना बोलावलेलं नाही.

रागावलीस तरी चालेल, पत्र पाठवायचं थांबू नकोस.
संपत


॥ श्रीः ॥
बंगळूर
१४ फेब्रुवारी १९८७

चि. संपतास अ. आ.

मी रागावलेच आहे. मी काही केलं की ती जबरदस्ती, आणि तू दाराला कडी घालून बसलास तर अप्पा स्वतंत्र! न बोलावणं हेही अप्पांच्या वतीनं तूच ठरवलंस ना, प्रोफेसर?

पायऱ्यांवरचं वाचून मात्र मी पदर डोळ्यांना लावला. मला हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. आता माझ्याकडचं ऐक. माझ्या बाळंतपणात अम्मा इथं होती, तेव्हा कोळशाच्या खोलीत मांजर व्यायली होती. मांजरीनं पिल्लू उचललं, की ते अंग एकदम सैल सोडी. अम्मा मला म्हणाली, बघ गं, वळवळलं असतं तर पडलं असतं. एवढं त्याचंही काम असतं, पण तुझ्या अप्पांना सांगू नकोस, जिंकल्यासारखे करतील.

तू सांग त्यांना. मग स्वामींना बोलाव आणि अप्पांनाच विचारू दे. पण होकारासाठी त्यांचा हात कोणी धरून उचलायचा नाही. नाही म्हणाले तर नाही. मी गिळीन.

तुझी, सध्या दात विचकणारी,
अक्का


॥ श्रीः ॥
श्रीरंगम्
२२ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास सा. न.

अप्पांना अम्माची मांजर सांगितली. डाव्या गालानं हसले.

काल स्वामी आले. त्यांना मी सगळं आधीच सांगितलं होतं. ते अप्पांना म्हणाले, की शब्द मी म्हणेन, पण तुमची इच्छा असेल तरच. असेल तर हात जोडा. अक्का, आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, की जोडायला दोन हात लागतात.

अप्पांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला, छातीपर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. तळवा उघडा, समोर काहीच नाही. तुझी अट आठवून मी हात मागे बांधले. मग मी माझा उजवा हात त्याला लावला. स्वामींनी शब्द म्हटले.

रात्रभर स्वतःची उलटतपासणी घेतली. तो हात वाट बघत होता, की नाही म्हणत होता? मी जोडला नसता तर खाली आला असता का?

आज सकाळी कॉफी नेली, तर तोच हात पुन्हा तसाच छातीशी उभा. मला वाटलं, घ्या, काल हे कॉफी मागत होते! पेला हाताशी नेला. त्यांनी तो मनगटानं बाजूला सारला, कॉफी चादरीवर सांडली, आणि तळवा पुन्हा तसाच धरला. मी माझा हात लावेपर्यंत धरून ठेवला. मग अंग सैल सोडलं आणि डोळे मिटून झोपी गेले.

चादर धुवायला टाकली आहे. यात धरलं कोणी आणि उचललं कोणी, मला अजून सांगता येत नाही. तू ये. तुझाही हात लागेल.

माकड-मांजर दोघांचा,
संपत