टायरात उगवलेली कोथिंबीर

बोरी,
जानेवारी, रविवार

आदरणीय सुलाआत्या,

तुम्हाला सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? पप्पूचं गॅरेज कसं चाललंय? आमच्याकडे आई ठणठणीत, सिद्धोधन रुसलेला आणि मी पिंजऱ्यात. (पिंजरा म्हणजे आपलंच अंगण.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग" म्हणता, आणि थोडक्यात सांगणं मला जयंतीच्या सभेतही कधी जमलं नाही, म्हणून पत्र.

तुम्हाला माहीतच आहे, हिमालयातली शिखरं झाल्यावर मी दक्षिण ध्रुवावर चालत जायचं ठरवलंय. तिथं हमाल नसतो, खेचर नसतं. तंबू, रॉकेल, जेवण सगळं घसरगाडीवर बांधायचं, ती गाडी स्वतःच्या कमरेला बांधायची आणि बर्फावरून आठवडेच्या आठवडे ओढायची. पुढच्या महिन्यात लडाखला निवड चाचणी आहे. तिथं कमी पडले तर माझी जागा दुसऱ्या कुणाला. आता बोरीत बर्फ मिळतो तो रसवंतीवाल्याकडे, तोही भुशात गुंडाळलेला. म्हणून जगभरचे ध्रुववाले करतात तेच मी केलं. जीपचं जुनं टायर दोरानं कमरेला बांधलं आणि रोज पहाटे जिंतूरच्या रस्त्यानं ओढायला लागले.

पहिल्याच दिवशी तात्यारावांनी ट्रॅक्टर थांबवला. "ताई, गाडी कुठं पडली?" मी ध्रुवाबद्दल सांगायला लागले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, टायर उचलून ट्रॉलीत टाकलं, मलाही बसवलं आणि पंक्चरच्या दुकानापुढं उतरवलं. वर दुकानदाराला बजावलं, "आधी हिचं बघ, बाईमाणूस हाय." दुसऱ्या दिवशी दूधवाला थांबला. मग एसटी थांबली. (हात न करता एसटी थांबलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.) मदतीला नाही कसं म्हणायचं, हे ध्रुवाच्या एकाही पुस्तकात दिलेलं नाही.

आठवड्यात गावानं निकाल लावून टाकला : सिद्धोधनची जीप बिघडलीय आणि तो बहिणीकडून टायर वाहून घेतोय. त्याच्याकडे जीपच नाही, हा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही. आणि नेमकं तेव्हाच त्याचं तुमच्या मानवतला जमत आलं होतं. मुलगी अपेक्षा, नर्सिंग शिकलेली, दोघांचीही पसंती. तिचे वडील चंद्रभानराव घर बघायला निघाले आणि रस्त्यात त्यांना मी दिसले. टायरासकट.

चहा येईपर्यंत त्यांनी टायर निरखून घेतलं. मग आईला म्हणाले, "लेकीला टायर वढायला लावलंय, तर सुनंला काय नांगराला जुपनार का तुमी?"

आत्या, इथं मी गप्प बसायला हवं होतं. सिद्धोधन डोळ्यांनी विनवत होता. पण मी उठले. म्हटलं, बाईनं सरपण ओढलं, पाणी ओढलं, अख्ख्या घराचं ओझं ओढलं, तेव्हा कुणी ट्रॅक्टर थांबवला नाही. आज ती स्वतःसाठी एक टायर ओढते तर रस्त्याला दया सुटते! मग संविधान झालं, समता झाली, चहावर साय धरली. चंद्रभानरावांनी मान डोलवत ऐकलं (मला वाटलं, पटलं) आणि उठता उठता म्हणाले, "म्हंजी वढावं तर लागतंयच."

तेव्हापासून मानवतहून निरोप नाही. लग्न ठरेपर्यंत माझ्या कमरेला दोर दिसता कामा नये, असा आईचा हुकूम आहे. तिनं टायर अंगणात आडवं पाडलं, त्यात माती भरली आणि कोथिंबीर पेरली. ती आता बोटभर आलीय. कोथिंबीर रोज वाढते आणि माझ्या पायातलं बळ रोज उतरतं. मी अंगणात फेऱ्या घालते, कोंबड्या पुढं पळतात. ध्रुवावर गेलेल्या पुरुषांची चरित्रं मी कपाटभर वाचलीत. त्यांत वादळं आहेत, उपासमार आहे, गोठून गळालेली बोटं आहेत, पण लग्नाळू भावापायी कुणाची मोहीम अडल्याचं कुठंच नाही. (त्यांनाही बहिणी असतीलच. त्या काय ओढत होत्या, ते कुणी लिहिलेलं नाही.)

भावाचा संसार मोडून मला ध्रुव नको, आणि ध्रुव सोडला तर मला झोप नाही. तुम्ही गावातल्याच. चंद्रभानरावांकडे जा आणि गोडीनं समजावा. मी येत नाही. मी आले की भाषण होतं.

तुमची,
सुकेशनी

ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात खुद्द अपेक्षाचा फोन. "ताई, तुमी हौसेनं वढता ना?" मी म्हटलं, हो. (एवढंच म्हटलं. तुम्हाला खरं वाटणार नाही.) ती म्हणाली, "मंग त्यांनाच वढू द्या आमच्या दारापतुर. पप्पांना भाषन पटत न्हाई, डोळ्यांनी दिसलं की पटंल." तेव्हा तुम्ही समजवायला जाऊ नका.

ता. क. २ : पाकीट तसंच राहिलं. आईनं स्वतःच्या हातानं कोथिंबीर उपटली आणि सिद्धोधन सरावाला लागला. पहिल्या दिवशी शाळेपर्यंत गेला. तात्यारावांनी ट्रॅक्टर थांबवला नाही. नुसतं "चालू द्या!" म्हणाले. येत्या रविवारी मानवतच्या स्टँडवर उतरून तो तिच्या दारापर्यंत ओढणार आहे. गरम पाणी आणि बाम तयार ठेवा.

ता. क. ३ : खरं काम राहिलंच. माझं टायर नवरदेवाकडे अडकलंय आणि लडाख तोंडावर आलंय. त्याच्या मागून मोकळ्या कमरेनं चालणं मला जमायचं नाही. पप्पूला सांगून एक जुनं टायर काढून ठेवा. दोन असतील तर फारच बरं. अपेक्षाचा पुन्हा फोन आला होता, दोर कमरेला कसा बांधायचा ते विचारत होती. चंद्रभानरावांना मात्र हे इतक्यात बोलू नका.